झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन

मरोळ नाक्याच्या आतल्या गल्लीत
साडेसहा बाय आठचा गाळा.
पानाला दोन रुपये, बायोडेटा साठ,
चुका सुधारून ऐंशी.
सल्ल्याचे मी काही घेत नाही,
म्हणून तो बहुतेकजण इथेच विसरून जातात,
मूळ प्रत काचेखाली विसरतात तसा.

बस, तौफिक. स्टूल डगमगतं, भिंतीला टेकव.

'मेहनती' खोड आधी.
सगळेच लिहितात, मी आता ते न बघता टाईप करते.
भिवंडीच्या गोदामाला आग लागली त्या रात्री
तू स्टॉक रजिस्टर काखेत मारून बाहेर आलास ना,
ते लिही.
"त्यात काय लिहायचं, ताई?"
अरे, त्यातच तर लिहायचं.

आणि मधली रिकामी वर्षं घाबरून झाकू नकोस.
शलाका पेडणेकर आली होती, तीन वर्षं कोरी.
आईला डायलिसिसला सायनला न्यायची, म्हणाली,
काम असं नव्हतं काही, घरीच होते.
मी टाईप केलं :
आठवड्याला तीन पाळ्या, तीन वर्षं, एकही खाडा नाही.
ती हसली. मग म्हणाली, खोडा ते.
खोडलं.
पण जाताना पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली तिने
आणि ताठ चालली, कोपऱ्यापर्यंत तरी.

नोकरी लावतो म्हणून आधी पाच हजार मागेल
त्याच्या भिंतीवर कॅलेंडर आहे का बघ.
नसेल तर उठ.
महिना उलटायची त्याची तयारी नाही.

पगार किती हवा विचारलं की छताकडे बघायचं नाही.
आकडा घरून न्यायचा, भाडं, गॅस, बहिणीची फी धरून.
सांगायचा आणि गप्प बसायचं.
गप्प बसणं जड जातं,
पण टेबलापलीकडच्यालाही जातं.

हे सगळं लागायच्या आधीचं.
लागल्यानंतरचं कुणी विचारत नाही.

रात्री पावणेदहाला, शटर अर्धं खाली आलं की
चितलांगे वाकून आत यायचा.
दर महिन्याला एक राजीनामा, फक्त तारीख बदलायची.
चार घड्या, वरच्या खिशात.
पुढच्या महिन्यात पुन्हा.
फाईलचं नाव 'फायनल सात' झालं तेव्हा
तो म्हणाला, आज रजेचा अर्ज करा. चार दिवस.
कारण?
तो पंख्याकडे बघत राहिला.
लग्न नाही, आजार नाही, गावी कुणी गेलेलं नाही.
"झोप," म्हणाला. "चालेल का?"
मी 'घरगुती कारणास्तव' लिहिलं,
बोटांना तेच येतं.
तो म्हणाला, नाही. झोपच लिहा.
अर्ज दिला की खिशातच राहिला, माहीत नाही.
त्यानंतर आलेला नाही.

मी कोण सांगणारी?
समोरच्या औषध कंपनीत बावीस वर्षं डिस्पॅचला होते.
शेवटचा टेम्पो सुटल्याशिवाय घरी गेले नाही,
सासऱ्यांच्या दहाव्यालासुद्धा उशिरा पोचले.
कंपनी बद्दीला गेली.
बोर्डावर यादी लागली, त्यात मी 'पागधारे'.
बावीस वर्षं दुसऱ्यांची चलनं तपासली,
आणि हा एक काना कुणी तपासला नाही.
शिल्लक रजा एकशे अठ्ठेचाळीस. त्यांचे पैसे मिळाले.
हे मशीन त्यातलंच.
दिवसभर घरघरतं, पाठीमागे हात ठेव, गरम लागेल.
माझ्या न घेतलेल्या सुट्ट्या आहेत आत,
कुठल्या तरी मे महिन्यातले बोर्डीचे आठ दिवस,
पोरीचा गॅदरिंगचा नाच,
आणि नुसती आडवी व्हायची होते
त्या पुष्कळ दुपारी.

असो. टोनर संपत आलाय.
चार प्रती काढते, एक घरी ठेव.
सही करण्याआधी आडनाव तेवढं एकदा
मोठ्याने वाच.