दिवस असताना

अप्पा जेवतात दिवस मावळायच्या आत.
साठ वर्षं, एक संध्याकाळ चुकली नाही.
मग रात्री दोनला ढेकर कसा येतो,
तोही सकाळच्या मसुराचा?

दीड वर्ष कारण हुडकत फिरलो.
ओवा झाला, हिंग झाला,
गंगावेशीतल्या वैद्यांचं चूर्ण झालं.
सोनोग्राफीवाला म्हणाला, सगळं क्लीन.
एकानं आतड्याची शंका घेतली, एकानं मनाची.
मनाची म्हटल्यावर अप्पा खुर्चीतनं उठलेच,
"तीस वर्षं उद्यमनगरात रस ओतलाय मी.
मन बिन काय न्हाई."
पट्ट्याला तोवर तीन नवी भोकं पाडून झाली होती.

शिरगुप्पे डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावायच्या आधी
माझी वही मागितली.
जेवणानंतर तासानं ५८. घाम, थरथर, चमचाभर साखर.
मध्यरात्री ३१०.
पानापानावर तेच.
मीच लिहिलेलं, माझ्याच अक्षरात,
बेरीज न करता ठेवलेल्या
किराण्याच्या यादीसारखं.

मग म्हणाल्या, पाय बघू.
डाव्यात चप्पल होती.
उजवी खाली जिन्यात कुठंतरी निसटलेली.
अप्पांना पत्ता नाही.
बाई त्या उघड्या पावलाकडं
बराच वेळ बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी नऊला दुर्बीण.
पंधरा तास उपाशी माणूस
आणि पडद्यावर
काल उन्हात खाल्लेला भात,
मसुराचे दाणे, मोजून घ्यावेत इतके स्वच्छ.
"पायाला कळत नाही, तसं पोटालाही," बाई म्हणाल्या.
"साखरेनं नसा बधिर झाल्यात.
इन्शुलिन वेळेवर पोचतं, अन्न मागं राहतं."

अप्पांनी तोंड पुसलं. घसा बसलेला.
"म्हंजे रस वाटेतच गार पडालाय.
साचा तसाच रिकामा."
आणि रिक्षात, दसरा चौकातल्या सिग्नलला,
दुसरीकडं बघत,
"नेम मी पाळला गं. पोटानं न्हाई पाळला."

आता सहा वेळा, वाटी वाटी, मऊ, गाळलेलं.
इन्शुलिन जेवणानंतर, मोजून.
केसपेपरवर नेमगोंडा मगदूम, वय ६७,
आणि खाली एक लांबलचक इंग्रजी शब्द
जो अप्पा अंगणात मोठ्यानं वाचून बघतात.

तरी एखाद्या रात्री साखर उतरते.
अंधारात मी चमचा पुढं करते.
औषध आहे, म्हणते.
ते खिडकीकडं बघतात,
साखर आहे, म्हणतात,
आणि तोंड उघडतात.