शेवटी एक प्रश्न विचार

ओतिलियाआत्या बटाट्यांबद्दल लिहिते.
चिलोए बेटावर, केमचीच्या वरच्या अंगाला,
जिथे रेंज फक्त कोंबड्यांच्या खुराड्यावर चढलं की येते.
पहाटे चारला लिहिते, चूल पेटायच्या आत,
एका बोटाने, स्वल्पविराम न देता,
आणि वाचणारे मोजून नऊ.
त्यातले दोन मीच, दोन वेगळ्या नावांनी.

मी कास्त्रोत मोबाईलच्या दुकानात असतो.
फुटक्या काचा बदलतो, आणि शनिवारी
हॉटेलवाल्यांना शिकवतो,
लोकांचा सरकता अंगठा थांबवायचा कसा.
तर आत्याला म्हटलं, तुझं फुकट करून देतो.
उंटावरून शेळ्या हाकायला माझं काय जातं!

म्हटलं, पहाटे कुणी जागं नसतं, संध्याकाळी साडेसातला टाक.
म्हणाली, साडेसातला मी कोंबड्या कोंडते.
म्हटलं, चेहरा दाखव, नुसत्या बटाट्याला कोण बघतंय?
तिने दाखवला. अर्धाच, कपाळ कापलेलं,
मागे वाळत घातलेल्या समुद्रशेवाळाच्या जुड्या,
खाली एक ओळ: "हा माझा चेहरा. आता जांभळ्याबद्दल."
म्हटलं, थोडक्यात लिही.
तिने आजोबांचं मरण तीन शब्दांत लिहिलं.
मग मीच म्हटलं, नको, लांबच लिही.

मार्चच्या काढणीत एक बटाटा निघाला,
हुबेहूब डुकराचं तोंड.
तो मीच टाकला, साडेसातला, गाणं लावून.
एकेचाळीस हजार बदाम!
सांतियागोचे लोक, मेक्सिकोचे लोक,
कुणी डुकराला टोपी घातली, कुणी त्याचं लग्न लावलं.
मी आत्याला आलेख दाखवला,
रेघ कशी ताडमाड वर गेली ते.
तिने चष्मा पुसून पाहिलं.
"एवढ्या सगळ्यांना काय पाहिजे?"
अजून एक डुक्कर, मी म्हटलं.
तिने कोपऱ्यातला ढीग चिवडला, खरंच, माझ्यासाठी,
आणि म्हणाली, नाही रे बाबा,
बाकीचे सगळे बटाटेच आहेत.

मग मी शेवटची युक्ती दिली,
जी इतरांना तीस हजार पेसो घेऊन देतो:
शेवटी एक प्रश्न विचार.
लोकांना उत्तर द्यायला आवडतं.
चहा घेता की कॉफी, असलं काहीही.

चार दिवस ती गप्प.
पाचव्या पहाटे तळहातावर एक बटाटा,
चपटा, कडेने मुडपलेला, आत लाल शिरा,
आणि खाली:
"आई ह्याला नावाने ओळखायची
मला ते नाव आठवत नाही
कुणाला ठाऊक आहे का"

प्रश्न असा विचारायचा नसतो.
उत्तर आलं नाही तर जीव खाईल, असा तर नाहीच.
आलेख बसला. डुकराचे लोक पांगले.
सहा बदाम, त्यातले दोन माझे.
मी तिला काही बोललो नाही,
ती तर तेव्हा लसूण लावत होती.

अकराव्या दिवशी सरहद्दीपलीकडून, रिओ गायेगोसहून,
मेंढ्यांची लोकर कातरायला गेलेला आणि तिथेच राहिलेला
कुणी एलिओदोरो नावेल्कीन,
नातीकडून लिहवून घेतलेलं:
"बहिऱ्याचा कान.
आम्ही त्याला बहिऱ्याचा कान म्हणायचो.
उकडू नका, राखेत भाजा.
तुमची आई डाव्या हाताने पेरायची, तीच का?"

आत्याने मला फोन केला खुराड्यावरून.
वारा, कोंबड्यांचा कालवा, आणि मध्येच ती:
हो, डाव्या, डाव्या हाताने.
मला सांगत नव्हती.
मी फोन कानाला धरून उभा,
समोर गिऱ्हाईक आपली फुटकी काच घेऊन.

शनिवारी नव्या हॉटेलवाल्याने विचारलं,
प्रश्न कोणता टाकू?
चहा की कॉफी, मी म्हटलं.
पैसे मोजून घेतले.
रात्री निजताना गजर लावला,
चारचा.