हेगम

दाम्यांगच्या बनात बांबूचं मूळ काढताना
गुक म्हातारा कुदळ लावत नाही.
बोटांनी माती सैल करतो,
लहान पोराचा कान साफ करावा तसा.

मग महिनोन् महिने सावलीत वाळवण.
गड्डा कोरून पोकळ, एका तोंडावर
ओदोंगच्या लाकडाची पातळ चकती,
वर दोन रेशमी तारा,
आणि दोघींच्या मधे कायमचा अडकलेला
घोड्याच्या केसांचा गज.

यो-उलला कामाला लागून आठ दिवस झालेले.
तिने विचारलं,
"गम म्हणजे वाद्य. आणि हे म्हणजे?"

म्हाताऱ्याने चकतीवरचा भुसा फुंकला.
"बायको याला कांगकांगी म्हणायची.
रात्री वाजवलं की भिंतीपलीकडून,
पुरे आता तुझी कांगकांगी."

"ते नाही. खरं नाव."

त्याने सरसाच्या भांड्याशेजारच्या पाण्यात बोट बुडवलं,
फळीवर जुनं अक्षर काढलं:
वर पंजा, खाली पिळाचा दोरा,
त्याखाली हात पसरलेला माणूस.
"दोरीने धरलेला. गुलाम.
उत्तरेला घोडे राखणारी एक टोळी होती,
शेजाऱ्यांनी तिला हेच अक्षर चिकटवलं.
ते म्हणे बांबूच्या कामटीने तारा घासायचे.
टोळी गेली. कुणाकुणात विरली.
कुणी नावाने हाक मारत असेल, तर ती याला."

अक्षर वाळत होतं. आधी पंजा गेला.
दोरा बराच वेळ राहिला.

"आणि पोथीत हेच अक्षर
वाक्याच्या तोंडाशी आलं,
की नुसतं 'काय?' किंवा 'कुठे?'"

(माझ्या भाषेत 'हे' म्हणजे समोरचं,
बोट ठेवता येईल असं.
ते मी इथे कुणाला सांगितलं नाही.)

संध्याकाळी खोकं बुसानला जायचं होतं.
कुरियरच्या कागदावर रकाना: वस्तूचं नाव.
यो-उलने पेन टेकवलं, उचललं.
आत म्हातारा शेवटचा सूर तपासत होता,
बाहेरची तार, मग आतली,
नाकातून निघालेला, चिरका,
टोकाशी जरासा वर वळणारा आवाज,
आणि मग तो थांबला,
भिंतीपलीकडून कुणी काही म्हणतंय का
ते ऐकत.

तिने लिहिलं:
कांगकांगी. नग एक.
जपून हाताळा.