चार नंबर

टिमकीच्या अभ्यासिकेत सात लॅपटॉप आहेत,
कुठल्याशा पतसंस्थेनं टाकून दिलेले,
पाठीवर अजून तिच्या मालमत्तेचे स्टिकर.
विंडोजच्या परवान्याला पैसे नव्हते,
म्हणून मी सगळ्यांवर लिनक्स चढवलं.
फुकट होतं म्हणून, खरं सांगतो.
मोकळं म्हणजे काय ते नंतर कळलं.

मे महिना, पारा शेहेचाळीसवर.
दुपारी सहज मागून जाताना दिसलं,
चार नंबर चालता चालता काळा पडला.
ना कण्हला, ना काही बोलला.
डोमाजी कूलरसाठी बादली घेऊन चालले होते.
म्हणाले, ऊन लागलं असन त्याले,
कांदा ठेवा खिशात.

रात्री कुलूप लावायच्या आधी मी टर्मिनल उघडलं.
ताप किती? बासष्ट.
त्याच्या जातीला बासष्ट म्हणजे काहीच नाही.
पंख्याचे फेरे विचारले, त्यानं मोजून सांगितले.
डिस्कनं आयुष्यभराचे तास काढून दाखवले,
एकोणीस हजार, आणि एक सेक्टर खराब नाही.
रॅमची तपासणी लावून घरी गेलो.
सकाळी शटर वर केलं तर
पडद्यावर एकच आकडा थांबलेला:
चुका शून्य.

मग आदल्या दिवसाच्या नोंदी काढल्या.
दोन अठ्ठावन्न, वायफाय जोडलं.
दोन एकोणसाठ, माऊसची काही कुरकुर.
तीन वाजून चार सेकंद,
आणि पुढे काहीच नाही.
'बंद होत आहे' एवढंसुद्धा नाही.
मागे गेलो. परवा तीन. तेरवा तीन.
नऊ दिवस तीन.

कोणता ड्रायव्हर घड्याळ पाहून मरतो बे?

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला स्टूल टाकून बसलो.
पडद्याकडे नाही, खोलीकडे पाहत.
प्रणोती हेडाऊ टाईप करत होती.
डोमाजींनी बादली रिकामी केली,
हात पायजम्याला पुसले
आणि पंपाची पिन खोचली,
त्याच बोर्डात, जिथं चार नंबर लागलेला.
खट्.
निळी ठिणगी. ट्यूबलाइटची पापणी लवली.
चार नंबर गेला.

पण बॅटरी? ती तर रोज वर कोपऱ्यात
शंभर टक्के दाखवायची.
खोदून विचारलं तेव्हा तिनं दोन आकडे पुढे केले.
नवी होती तेव्हा मावायचं अठ्ठेचाळीस,
आता मावतं दीड.
दीडाचे शंभर टक्के.
खोटं बोलत नव्हती बिचारी,
आम्हीच विचारलं नव्हतं, कशाचे.

तेव्हापासून मला ही यंत्रणा आवडायला लागली.
'काहीतरी बिघडलं, पुन्हा प्रयत्न करा'
असं गोड बोलून वाटेला लावत नाही.
दार लोटलेलं असतं फक्त,
कडी नसते.
आत जायचं की नाही, ते आपलं आपण पाहायचं.

सहा नंबरचा पडदा फुटका, बॅटरी धड.
काढले अकरा स्क्रू, लागले दहा.
अकरावा अजून सापडून राहिला आहे.
पंपाला वेगळा बोर्ड दिला, पलीकडच्या भिंतीवर,
डोमाजींना चार पावलं जास्त, म्हणून ते रुसले.

तीन वाजले. पंप लागला.
चार नंबर चालूच.
पण प्रणोतीचे हात
कीबोर्डपासून वीतभर वर थांबलेले,
डोळे घड्याळावर.
लिपिकाच्या परीक्षेचा टायपिंगचा उतारा
नऊ दिवस दर दुपारी अर्ध्यात पुसला गेला
आणि तिनं तो पहिल्या शब्दापासून पुन्हा धरला.

सांगितलं काऊन नाही, पोरी?

म्हणाली, मला वाटलं सर,
मीच काही चुकीचं बटण दाबून राहिली.

हे कुठल्या नोंदीत सापडतं
त्याची कमांड मला येत नाही.
मी म्हटलं, कर टाईप.
पंप चालू आहे.