आत्याची सहल

शेवंताआत्या औशाहून आली
तेव्हा मी यादी करून ठेवली होती:
गेटवे, राणीची बाग, जुहू,
वेळ उरला तर मत्स्यालय.
तिनं चष्मा लावून यादी वाचली.
"समुद्र काय, खारट.
तुमचं प्यायचं पाणी कुठंय? ते दाखीव."

मग भांडुपहून रिक्षा,
धपाटी, शेंगाचटणी, गुडघ्याचं तेल,
आणि पवईच्या कठड्याशी उतरलो.
पाटीवर मगर. पाण्यात उतरू नये.
पाटीखालीच एक पोरगा गळ टाकून बसलेला,
सूचना मगरीसाठी असल्यासारखा निवांत.
पलीकडचे टॉवर पाण्यात उलटे लोंबत होते,
जलपर्णीनं त्यांचे वरचे मजले खाल्लेले.
"हे पितात?"
नाही.
"मग धुण्याला?"
नाही आत्या. कारखान्यांना वगैरे जातं. बाकी बघायला.
"नुसतं बघायला," ती स्वतःलाच म्हणाली,
सोयऱ्याच्या घरी कुत्र्यापुढं चांदीची वाटी दिसावी
आणि पाहुणं म्हणून बोलता येऊ नये
तशी.

विहारला कुंपण. पहारेकऱ्यानं विचारलं, पास?
पास कुठला.
झाडांच्या फटीतून चकाकती रेघ दिसली, तेवढीच.
आत्या चपला काढून त्या रेघेच्या पाया पडली.
पहारेकरी खुर्चीतून अर्धा उठला,
काय करावं न कळून
आपली बाटली पुढं केली. "ह्यातलंच आहे, मावशी."
तिनं घोट तोंडात घोळवला.
"गोड आहे. जरा औषधाचा वास."

बोरिवलीत छोटी गाडी बंद होती,
होड्यांना रांग.
पार्काच्या बसमध्ये मी तिला सांगितलं,
ह्या झाडीत आणखी एक तलाव आहे, तुळशी.
"आपण तुळशीला पाणी घालतो," ती म्हणाली,
"तुमची तुळस तुम्हांला घालती."

कान्हेरीला ओजस ओरडत होता, आजी, केवढे बुद्ध!
आजी खाली बघत होती.
लेण्यालेण्याच्या दाराशी दगडात खोदलेली टाकी,
वरून उतरत आलेली बोटभर रुंद पन्हाळं.
तिनं बोट घालून उतार तपासला.
"संसार सोडला बाबांनी. पाणी नाही सोडलं."

फोटो पन्नासेक निघाले.
एकाही फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये.

पहाटे साडेचारला भांड्यांचा आवाज.
स्वयंपाकघरात दिवा,
कळशी, दोन्ही बादल्या, कुकर, ओजसचा डबा,
देव्हाऱ्यातलं निरांजनसुद्धा
काठोकाठ.
आत्या, अगं, इथं रोज येतं पाणी.
"ठाऊक आहे की."
हात नळाखालीच.
"आमच्याकडं दहाव्या दिवशी येतं.
आज दहावा.
आणि घराला कुलूप."