तोळ्यावर

हैदराबादहून आणली ती बेनिशान आंब्याच्या करंडीत,
गवताखाली. छोट्या लाइनची गाडी, मुदखेडला टीसी वाकला,
म्हणाला, वास तर आंब्याचा येत नाही.
हे खिडकीबाहेर बघत राहिले. मी तिकीट पुढं केलं.

परभणीला उतरलो तर पहिला रिक्षावालाच:
बाई, हिचे पाय कुणी तोडले?
मग गल्ली. मग सासूबाई:
एवढ्या पैशात दुभती शेळी आली असती,
हे काय पाळायलीस तू?
डॅशुंड, मी म्हणाले.
त्यांनी ऐकलं दशमुंड.
एकच तोंड होतं बिचारीला, तेही दुधात बुडालेलं.

पावसाळाभर काळी माती धरायची चिंगीच्या पोटाला.
वाळलं ढेकूळ ओढायचं नाही,
कोमट पाणी, आणि बोटानं, एकेक केस,
गिऱ्हाइकाचा ब्लाउज उसवावा तसं.
शिलाईचं मशीन तोवर थांबायचं.

जानेवारीत व्याली. चार.
साठच्या बल्बखाली ठेवली आणि पहाटे तीनला लाईट गेली.
व्हेटर्नरी कॉलेजच्या खोडवे डॉक्टरांनी
सलाईनच्या रिकाम्या बाटल्या दिल्या होत्या,
त्यात गरम पाणी भरून, वर ह्यांचा स्वेटर,
तरी दोन मी पदराखाली घेतली, उजाडेपर्यंत.
डॉक्टर म्हणाले होते, रोज वजन करा.
घरच्या काट्याची सुई हलेना.

म्हणून नानलपेठेत, डहाळे सोनारांकडे,
दुकान झाडून झालं की, बोहनीच्या आधी.
पारड्यात फुंकर मारली त्यांनी, मखमलीचा तुकडा अंथरला.
सोळा तोळे. साडेपंधरा. चौदा.
चौथं, नऊ.
गुलाबी पावतीच्या पाठीमागं चार रकाने पाडले.
दुसऱ्या दिवशी चौथं साडेआठ.
तिसऱ्या दिवशी मी तिघांनाच नेलं.
डहाळ्यांनी विचारलं नाही.
चौथ्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली
आणि पारडं पुन्हा पुसलं.

मद्रासहून कागद आले उन्हाळ्यात.
चिंगीचा बाप, बापाची आई, तिचा आजा,
वर वर चढत थेट जर्मनीपर्यंत,
सगळ्यांची नावं, कुणाचाही रकाना रिकामा नाही.
मी सासूबाईंना विचारलं, तुमच्या आजीचं नाव काय हो?
वाती वळता वळता थांबल्या.
आजीच म्हणायचो की, म्हणाल्या.

चौदा तोळ्यांची ती गुंज. तीच ठेवली.
वर्षभरानं औरंगाबादचा शो. रात्रीची पॅसेंजर,
दारात बसून मी तिची नखं घासली.
मैदानावर मोठ्या गाड्या, छत्र्या, पिंजऱ्यांना पंखे.
माझ्याकडं शिवणाची पिशवी आणि ओलं पंचं.
जज्जानं टेबलावर उभी केली,
ओठ उचलून दात मोजले, पाठीवरून हात फिरवला,
मग बोटानं खूण: चालवा.

मला बघायला आले तेव्हाही चालायला लावलं होतं.
ओसरीपासून न्हाणीपर्यंत. मी फरशी मोजत गेले होते.
गुंज मान वर करून चालली,
जणू ते गवत तिच्या बापाचं,
आणि खरंच, कागद होते तिच्याकडं.

हाड हलकं, जज्ज म्हणाला. चाल स्वच्छ.
तिसरा नंबर. पिवळी रिबन,
साटीनही नाही, अस्तराचं कापड,
कडेला टीपसुद्धा सरळ नव्हती. मी तेच बघत होते.

घरी आलो तर सासूबाई ओट्यावर.
किती जणींत तिसरी?
तिघींत.
बऱ्याच वेळानं म्हणाल्या, मंग आली की नंबरात.
आणि स्वतःच्या बशीतला उरलेला चहा
खाली सरकवला.
चहा देऊ नका, मी ओरडले, काळीज बिघडतं त्यांचं!
दशमुंडाला काही होत न्हाई, म्हणाल्या.
गुंजनं बशी चाटून जोत्याच्या कडेपर्यंत ढकलत नेली.