दीड सेकंद

महापे, रात्रीचे सव्वादहा. एसी वॉचमनने बंद केलाय.
मी इंधनाला एक पायरी देते:
दहा टक्के, एकदम.
वीस मिलिसेकंदांची पावलं टाकत
गणित पुढे सरकतं.

आधी तापमान उसळतं.
आच लगेच पोचते, फिरणं मागून येतं;
रोटरला आपलं वजन असतं,
तो आपल्या वेळेने उठतो.
त्यासाठी मी एक आकडा लिहिलाय, दीड सेकंद.
कुठून आणला, विचारू नका.

मढवीकाका विचारतात.
एकतीस वर्षं पॅनेलवर काढलेला माणूस,
आता मंगळवार-शुक्रवार सल्ल्यापुरता.
डावा कान मशीनने खाल्ला. उजवा
माझ्या आलेखाकडे करून म्हणतात,
"लय गुळगुळीत हाय गो तुजी रेघ.
थंड मशीन न् तापलेली, दोघींना एकच आकडा?
आमची दोन नंबरची, झडप जोरात उघडली का
खोकायची. भक्. भक्.
हवा उलटी. काचा थरथरायच्या,
डब्यातलं कालवण सांडायचं."

खोकला लिहायला बसते.
कॉम्प्रेसरच्या नकाशावर एक सीमा असते,
तिच्या अलीकडेच राहायचं असतं.
आज मुद्दाम ओलांडते.
समीकरणं फुटतात, आकडे सैरावैरा,
आलेख पडद्याबाहेर.
काका पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढतात.
"हां. आता वळखीची वाटते."

खाली ठाणे-बेलापूर रस्त्यावर सिग्नल सुटतो.
भरलेला ट्रेलर आधी काळा धूर सोडतो,
मग हलतो.
मी नकळत मोजते.
दीड नाही.
चार तरी असतील.